पगाराची तारीख आणि सणाचा वार

२०२५ सालचा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला. सोमवारी रमजान ईद. मंगळवारी १ एप्रिल, म्हणजे बँकांच्या वार्षिक हिशेबाचा दिवस. दार अर्धे उघडे, ग्राहकाला आत प्रवेश नाही. निफाडसारख्या तालुक्याच्या गावी असे तीन दिवस लागोपाठ आले की बाजारपेठेतल्या बोलण्याला एक ठरावीक सूर लागतो. किराणा दुकानदार वही पुढे सरकवतो आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘पगार व्हायचाय अजून.’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातले क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. पगार कोणी ‘देत’ नाही. तो पावसासारखा ‘होतो’.

त्या सोमवारी रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहार करणाऱ्या शाखा सुट्टी असूनही उघड्या ठेवावयास लावल्या होत्या, कारण सरकारी जमाखर्च त्याच आर्थिक वर्षात पडणे आवश्यक होते. मार्चच्या पगाराला मात्र ही निकड लागू नव्हती. सरकारी हिशेबात मार्चचे वेतन एप्रिलमध्ये देय होते आणि पुढच्या वर्षाच्या खर्चात पडते. वेतनाचे अंदाजपत्रकी वर्ष मार्च ते फेब्रुवारी असे चालते. म्हणजे शिक्षकाच्या पगाराचे वर्ष ना चैत्रापासून, ना एप्रिलपासून. नव्या वर्षाची गुढी उभारताना नोकरदाराच्या खिशात फेब्रुवारीच असतो.

ही तक्रार नव्हे. आमच्या मनात आला तो एक ऐतिहासिक प्रश्न. पाडवा हा आपल्या मुलखात वेतन न मिळण्याचा दिवस कधीपासून झाला? कारण दोन पिढ्यांपूर्वी, याच निफाडच्या शिवारात, पाडवा हाच वेतनाचा दिवस होता.

सालगड्याचे वर्ष पाडव्याला संपे आणि पाडव्यालाच सुरू होई. निफाडच्या उत्तरेस खानदेशाकडे गेले की पाडव्याची जागा आखाजी घेई. त्या दिवशी मागचा हिशेब होई, उचल वजा होई, धान्य, कपडालत्ता, पायतण आणि रोख रक्कम यांचा नवा बोल ठरे. हिशेब न्याय्य असे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. उचलीचा आकडा मालकाच्या वहीत असे आणि वही सालगड्याला वाचता येत नसे. परंतु सण आणि देणे यांची सांगड पक्की होती. बलुतेदारांचे बलुते सुगीला खळ्यावरच मोजून मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) या देण्याघेण्याचा जो तपशील आहे, तो वाचताना जाणवते की त्या व्यवस्थेला महिना हे एकक जवळजवळ ठाऊकच नव्हते, तिला हंगाम ठाऊक होता आणि सण ठाऊक होता. दिवाळीला मिळे ती ‘पोस्त’. हा शब्द आता शहरातूनही नाहीसा होत चालला आहे. ‘बोनस’ने त्याची जागा घेतली. बोनस कायद्याने मागता येतो. पोस्त मागितली तरी देणाऱ्याच्या मर्जीची असे, हा फरक लहान नाही.

लष्करी वेतनाचीही गोष्ट अशीच. सभासदाच्या बखरीत शिवकालीन फौजेचे वर्ष कसे चालत असे ते सांगितले आहे. दसऱ्याला फौज मुलूखगिरीवर निघे, पावसाळ्याआधी छावणीस परते, आणि आणलेल्या मालाची किंमत धरून शिपायाच्या वेतनाचा हिशेब होई. तेथेही तारीख नाही. ऋतू आहे आणि सण आहे.

मग महिना आला कुठून? शब्दांकडे पाहिले तर थोडा प्रकाश पडतो. ‘मुशाहिरा’ हा अरबीतून आलेला शब्द मुळातच महिन्याशी बांधलेला आहे. ‘दरमहा’ फारसी वळणाचा. ‘तलब’ हा जुन्या कागदपत्रांत वेतनासाठी येणारा शब्द, त्याचा मूळ अर्थ मागणी. ज्या काळात शिपायांची थकबाकी ही नित्याची बाब होती, त्या काळाने वेतनाला ‘मागणी’ म्हणावे यात नवल नाही. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता देणे, चुकते करणे. आणि ‘हप्ता’ म्हणजे फारसीत सात दिवसांचा आठवडा. हिंदीने त्याला आठवडाच राहू दिला. मराठीत मात्र त्याचा अर्थ ठरावीक मुदतीने भरावयाचा पैसा असा झाला. काळाचे एकक देण्याचे एकक होऊन बसले, आणि तेही मिळणाऱ्या पैशाचे नव्हे, फेडावयाच्या पैशाचे.

निफाडला १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले, हे शालेय पुस्तकांमुळे सर्वांस ठाऊक आहे. त्या जन्माचा एक पैलू मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. वडील गोविंदराव तेव्हा तेथे सरकारी कारकुनीत होते. म्हणजे ज्या गावात बहुतेकांचे देणेघेणे खळ्यावर आणि सणावर चालत होते, तेथे मोजक्या घरांपैकी एक घर इंग्रजी महिन्याच्या पगारावर चालत होते. एकाच गल्लीत दोन पंचांगे. पुढे हेच रानडे दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या १८७९ च्या कर्जनिवारण कायद्याच्या अंमलबजावणीत न्यायाधीश म्हणून वर्षानुवर्षे राबले. १८७५ च्या दंग्यांमागे सावकारी होती. आणि सावकारीमागच्या अनेक कारणांपैकी एक होते ताठर सारावसुली. पीक हाती येऊन विकले जाण्याची वाट न पाहता साऱ्याचा हप्ता दारात उभा राही, आणि शेतकरी सावकाराच्या ओट्यावर. पैसा आठ दिवस उशिरा येणार असेल तर तो आठ दिवसांचा उशीर कोणाच्या तरी व्याजात रूपांतरित होतो, हे दख्खनच्या कुणब्याला अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाआधी कळले होते.

आता १८८१ या सालाकडे वळू. त्या एका वर्षात हिंदुस्थानात दोन कायदे झाले. एक कारखान्यांचा, दुसरा हुंड्या, वचनचिठ्ठ्या, धनादेश यांचा, ज्याला आपण परक्राम्य संलेख अधिनियम म्हणतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा वाचक आम्हांस फारसा भेटलेला नाही, आणि वाचले पाहिजेत ते असेच. कारखान्यांच्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. प्रौढ कामगाराच्या वाट्याला एकही सुट्टी आली नाही. दुसऱ्या कायद्याच्या २५ व्या कलमात मात्र सार्वजनिक सुट्टीची व्याख्या आहे. त्यात रविवार, नववर्षदिन, नाताळ, गुड फ्रायडे हे दिवस आले. इतर दिवस सरकारने जाहीर करावेत. हुंडी ज्या दिवशी पिकते तो दिवस सुट्टीचा असेल, तर ती त्याच्या आदल्या कामकाजाच्या दिवशी देय झाली असे मानावे, असे हे कलम सांगते.

म्हणजे कागदाच्या चिठ्ठीला रविवार १८८१ मध्ये मिळाला. गिरणीतल्या माणसाला त्यासाठी आणखी नऊ वर्षे थांबावे लागले.

या नऊ वर्षांचा इतिहास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाशी निगडित आहे. ‘दीनबंधू’चे संपादक, सत्यशोधक, गिरणीत स्वतः नोकरी केलेले. रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. २००५ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले तेही याच ओळखीवर. पण सप्टेंबर १८८४ मध्ये परळला भरलेल्या गिरणी कामगारांच्या सभांतून जे निवेदन तयार झाले, ज्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या, त्यातल्या मागण्या एकत्र वाचावयास हव्यात. दर रविवारी पूर्ण दिवस विश्रांती. दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी. सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. कामावर जायबंदी झालेल्याला काहीएक आधार. आणि एक मागणी, जिच्याकडे चरित्रकारांचे लक्ष सहसा जात नाही: महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

पंधरा तारीख! आज ही मागणी वाचून आपण चमकतो, कारण पंधरा तारखेला पगार मिळणे ही आपल्याला आपत्ती वाटते. तेव्हा ती मागणी होती. नव्या कामगाराने एक तारखेला काम सुरू केले आणि मागणी मान्य झाली असे धरले, तरी पहिला पैसा हाती येईपर्यंत सहा आठवडे. ते सहा आठवडे तो काय खात असे? चाळीतल्या वाण्याची उधारी, मुकादमाची उसनवार आणि गिरणीच्या फाटकाबाहेर पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभा असलेला पठाण, हे सारे त्याच पोकळीतले रहिवासी.

सुट्टी आणि पगाराची तारीख या दोन मागण्या एकाच कागदावर एकाच हाताने लिहिल्या गेल्या, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. लोखंड्यांना ठाऊक होते की विश्रांतीचा दिवस आणि देण्याचा दिवस या एकाच काळाच्या दोन बाजू आहेत. खिसा रिकामा असेल तर रविवार हा सुट्टीचा नव्हे, उपासाचा वार होतो. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याचे कारणही पुढे केले गेले होते, असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, युक्तिवाद अस्सल देशी आहे. ज्या वाराला हुंडीच्या कायद्याने चर्चचा म्हणून मान दिला, तोच वार कामगाराने जेजुरीच्या नावाने मागावा, यात एक मिस्कील शहाणपण आहे.

सुट्टी मिळाली. पगाराची तारीख मात्र मागे राहिली, आणि ती पुढची सेहेचाळीस वर्षे मागेच राहिली. व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात उशिरा मिळणारे वेतन आणि कर्जबाजारीपणा यांचा संबंध मांडल्यानंतर १९३६ मध्ये वेतन प्रदान अधिनियम झाला. हजाराहून कमी माणसे असतील तर वेतनकाळ संपल्यावर सात दिवसांच्या आत, अधिक असतील तर दहा दिवसांच्या आत. नाण्यांत किंवा नोटांत. आणि पाचव्या कलमात एक छोटेसे वाक्य: वेतन कामकाजाच्या दिवशीच द्यावे.

हे वाक्य वरवर निरुपद्रवी दिसते. पण ते मुदतीला जोडून वाचा. सातव्या दिवसाच्या आत आणि तेही कामकाजाच्या दिवशी. मग सातवा दिवस दिवाळीचा असेल तर वेतन सहाव्या दिवशी द्यावे लागेल, आठव्या नव्हे. म्हणजे हुंडीचा नियम येथेही आला: सुट्टी आडवी आली तर आदला दिवस. मुदतीचा हा न्याय उघड आहे. ज्याचे येणे आहे त्याला सणाचा फटका बसू नये.

तरीही व्यवहारात, आमच्या आठवणीतल्या साऱ्या पगारांच्या बाबतीत, प्रश्न उलटाच सुटला. सुट्टी आली की पगार पुढे गेला. ही सवय कुठून लागली असावी? आमचा तर्क असा की ती कचेरीतून आली. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमात न्यायालय वा कार्यालय बंद असेल तर ते काम पुढच्या उघड्या दिवशी केले तरी मुदतीत केले असे मानण्याची सवलत आहे. ती सवलत अर्जदारासाठी, पक्षकारासाठी, म्हणजे दुबळ्या बाजूसाठी होती. वेतनाच्या व्यवहाराने तिचा आत्मा टाकून फक्त सांगाडा उचलला. ‘बंद आहे, पुढच्या दिवशी’ एवढेच उरले, आणि ते देणाऱ्याच्या सोयीचे ठरले. मराठीत ‘उद्या या’ या दोन शब्दांना जे राजकीय वजन आहे, त्याचा उगम कदाचित येथेच शोधावा लागेल.

पगार रोखीने मिळत होता तोवर हा घोळ मर्यादित होता. कारकुनाने पाकिटे आदल्या दिवशी भरली की काम झाले. १९७६ च्या दुरुस्तीने कामगाराच्या लेखी संमतीने धनादेशाने वा बँक खात्यात वेतन देण्यास मुभा दिली. २०१७ मध्ये ती संमतीची अटही गेली. या चाळीस वर्षांत पगार हळूहळू बँकेत राहावयास गेला आणि बँकेचे पंचांग त्याला लागू झाले. ते पंचांग म्हणजे पुन्हा तेच २५ वे कलम. राज्य शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची जी यादी काढते, ती त्याच १८८१ च्या कायद्याखाली निघते. आणि तिच्यात १ एप्रिलची सुट्टी फक्त बँकांपुरती असते. हुंडीसाठी आखलेले सुट्टीचे कोष्टक असे शिक्षकाच्या, लिपिकाच्या, ओझरला १९६४ पासून उभ्या असलेल्या विमान कारखान्यातल्या कामगाराच्या घरखर्चावर येऊन बसले. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवारही त्यात मिळाला. गंमत अशी की हुंडीला लागू असलेला ‘आदला दिवस’ पगाराच्या वाट्याला आला नाही. त्याला फक्त सुट्ट्या मिळाल्या.

सणापुढे शासन मात्र अधूनमधून वाकते. २०२२ मध्ये दिवाळी २४ ऑक्टोबरला आली तेव्हा राज्य शासनाने ऑक्टोबरचे वेतन दिवाळीपूर्वी देण्याचा निर्णय घेतला. २०२४ मध्येही तसेच झाले. आदेश निघतात त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत जो आनंद असतो तो आम्ही पाहिला आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर त्याच खोलीत जी शांतता असते तीही पाहिली आहे, कारण पुढचा पगार थेट डिसेंबरच्या आरंभी. पैसा तेवढाच, महिना चाळीस दिवसांचा. तरीही हा निर्णय आम्हांस मोलाचा वाटतो. शासनाला जुनी सांगड आठवते, सण आधी आणि तारीख मागून, एवढे त्यातून दिसते.

दरम्यान यंत्राने सुट्टी पाळणे सोडून दिले. डिसेंबर २०१९ मध्ये एनईएफटी आणि डिसेंबर २०२० मध्ये आरटीजीएस अहोरात्र सुरू झाले. पगार, निवृत्तिवेतन, अनुदान अशा ठोक रकमा ज्या नाच व्यवस्थेतून जातात, ती १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालू लागली. तो १ ऑगस्ट रविवार होता. लोखंड्यांनी मागितलेल्या दोन गोष्टींपैकी एक, पगाराची तारीख, अशा रीतीने दुसरीवाचून मोकळी झाली, निदान यंत्रापुरती. परंतु त्याच वाटेने घरकर्जाचा, दुचाकीचा, भिशीवजा पतसंस्थेचा हप्ताही रविवारी खात्यातून जाऊ लागला. पूर्वी सुट्टीमुळे हप्त्यालाही एक दिवस उसंत मिळे. ती उसंत गेली आणि कोणाला जाणवलीही नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९३६ चा कायदा जाऊन वेतन संहिता लागू झाली. तिच्यात मासिक वेतनाला सातवा दिवस सर्वांसाठी आहे, हजारांचा भेद नाही. आणि आठवड्याने वेतन घेणाऱ्यासाठी जे वाक्य आहे ते वाचून आम्ही क्षणभर थांबलो: आठवड्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी, म्हणजे साप्ताहिक सुट्टीच्या आधी. १८८४ मधले निवेदन लिहिणाऱ्यांनी हे वाक्य नक्की दोनदा वाचले असते. अर्थात शासकीय आस्थापनांना हे प्रकरण, वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू नाही. दुसऱ्याला शिस्त लावणारा स्वतःला वगळतो, ही आपल्याकडील कायदेलेखनाची जुनी लकब.

आतापर्यंत आम्ही ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना सुट्टीमुळे पगार उशिरा मिळतो. निफाड तालुक्यात याहून मोठा वर्ग असा आहे ज्याला सुट्टीमुळे पगारच मिळत नाही. लासलगावच्या बाजारात दिवाळीला कांद्याचे लिलाव बंद राहिले की हमालाचा, मापाऱ्याचा तेवढा रोज बुडतो. त्याच्या भाषेत सुट्टी नाही, ‘खाडा’ आहे. दोन्ही शब्द एकाच दिवसाला लागतात, फक्त दिवसाच्या कोणत्या बाजूला माणूस उभा आहे त्यावर शब्द ठरतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटा रद्द झाल्यानंतर आणि १४ तारखेला जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाल्यानंतर, पगारदार बँकेच्या रांगेत उभा होता. रांगेत उभे राहण्यात त्याचा वेळ गेला. मजुराचा रोज गेला.

द्राक्षबागांत तर अजून जुनेच पंचांग चालते. गोडी छाटणी ऑक्टोबरात. तिच्या पाठोपाठ फुटवे काढणे, डिपिंग, विरळणी. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, एकराच्या उक्त्या मजुरीवर. नेमकी याच कामांच्या ऐन गर्दीत दिवाळी येते, आणि टोळीला दिवाळीला घरी जायचे असते. बागायतदाराला ती जाऊ नये असे वाटते; हिशेब अर्धा ठेवला तर माणसे परत येतील, हा त्याचा जुना आडाखा. टोळीला पूर्ण हिशेब हवा असतो, कारण बाजार करूनच गावी जायचे. वसुबारसेच्या सुमारास बागेच्या बांधावर ही घासाघीस चालते. मुकादमाच्या खात्यावर थोडी रक्कम मोबाइलवरून जाते, उरलेली रोख हवी म्हणून मालक मोटारसायकल काढून पिंपळगावला एटीएमवर जातो, आणि टोळी तोवर गाठोडी बांधून रस्त्याच्या कडेला बसून राहते. शेवटची एसटी सुटायच्या आत तो परत यायला हवा.